माशाला विचारतो कोण?

कोल्हिणीच्या पोटावरचे केस मुळात पांढुरके असतात. ती बिळात बसते, उठते, पुन्हा बसते आणि या बैठ्या संसारात तिच्याच मूत्राने त्या केसांवर हळूहळू फिकट गुलाबी झाक चढते. निसर्गात असले प्रकार चालायचेच, आणि सभ्य माणसे अशा वेळी दुसरीकडे बघतात. पण न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत आर्ट फ्लिक नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी नेमके तिकडेच बघितले. ट्राउट मासे पकडण्यासाठी कृत्रिम माश्या कशा बांधाव्यात यावर त्यांनी १९४७ साली एक छोटे पुस्तक काढले आणि ‘हेंड्रिक्सन’ नावाच्या माशीच्या अंगासाठी हेच केस वापरावेत असे सांगून टाकले. कोल्ह्याचे नकोत, कोल्हिणीचे हवेत. पाठीचे नकोत, पोटाचे हवेत. आणि पोटाचेही कोरे नकोत, रीतसर भिजून गुलाबी झालेले हवेत. पत्रिका जुळवताना मुलाकडच्यांनाही इतक्या अटी घालायचा धीर होत नाही. परिणाम असा की आज अमेरिकेत आणि इंग्लंडात कित्येक सुशिक्षित, वेळेवर कर भरणारी माणसे रविवारी सकाळी स्वच्छ धुतलेल्या केसांना विकतचा रंग चढवून कोल्हिणीने फुकटात केलेले काम पुन्हा करून बघत असतात. बहुतेकांना ते कोल्हिणीइतके जमत नाही.

ज्यांचा या छंदाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर मासेमारीच्या या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. लहानशा गळावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, त्यात चिमूटभर केस पिळून किड्याचे अंग करायचे, कोंबड्याच्या मानेवरचे पीस गुंडाळून पाय करायचे, आणि हा सगळा ऐवज नदीवर तरंगणाऱ्या एखाद्या किड्यासारखा दिसतो असे स्वतःला पटवायचे. यावर कोणीही मराठी माणूस विचारील, आणि विचारायलाच हवे, की गांडूळ का नाही लावत? पावसाळ्यात ओढ्यावर बसलेला पोरगा ओली माती उकरतो, गांडूळ गळाला लावतो आणि मासा काढतो. गांडुळाला रंग द्यावा लागत नाही. ते ज्या रंगाचे निघते तोच गांडुळाचा बरोबर रंग असतो. पण छंदाचा हिशेब वेगळा. गांडुळाने मासा मिळाला तर श्रेय गांडुळाला जाते. स्वतः रंगवलेल्या पिसाने मिळाला तर रंगवणाऱ्याला जाते. आणि नाहीच मिळाला, तर त्या दिवशी पाणी गढूळ असते.

हे वेड आजकालचे नाही. इंग्रजीत मासेमारीवर छापलेले पहिले लिखाण १४९६ सालचे. ते ज्युलिआना बर्नर्स नावाच्या मठवासी बाईंनी लिहिले असे परंपरा सांगते. त्यात बारा माश्यांची कृती तर आहेच, शिवाय घोड्याच्या शेपटीच्या केसांचा दोर पाण्याच्या रंगाप्रमाणे कसा रंगवावा याच्याही पाककृती आहेत. साहित्य: तुरटी, अक्रोडाची पाने आणि बिअर. बिअर दोरासाठी सांगितली आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे लागते. पुढच्या शतकांत साहित्याची यादी अधिक खासगी होत गेली. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात टिव्हर्टन गावी आर. एस. ऑस्टिन नावाचे तंबाखूचे दुकानदार होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक माशी बांधली. मासे तिच्यावर तुटून पडत, आणि तिच्या अंगातली ती दुधाळ, पिवळसर-गुलाबी छटा कुठून येते हे ऑस्टिन कोणाला सांगत नसत. लंडनचे वकील आणि मासेमारीवरचे नामवंत लेखक जी. ई. एम. स्क्यूज यांना ते ठाऊक होते. माशीला ‘टप्स इंडिस्पेन्सेबल’ हे नाव त्यांनीच दिले, म्हणजे एडक्याची अत्यावश्यक वस्तू. कुठली वस्तू, हे वाचकांनी समजून घ्यावे. त्या जागेवरची लोकर आणि तिच्यात आणखी दोन-तीन प्रकारच्या केसांची भेसळ, एवढेच ते रहस्य होते. ऑस्टिन गेल्यावर त्यांच्या मुलीने धंदा चालवला आणि गुपितही पाळले. ते उघड व्हायला १९३०चे दशक उजाडावे लागले. तोवर किती सभ्य इंग्रज ती माशी टोपीला खोचून मिरवले असतील याची गणती नाही.

आयर्लंडातल्या बॅलिशॅनन गावच्या रोगन या माशीबांध्या घराण्याने रंगवलेल्या तांबूस केसांना विलक्षण झळाळी असे, आणि ती गाढवाच्या मूत्राने येते अशी आख्यायिका तिकडे आवडीने सांगतात. ती खरी असेल वा नसेल, शिळ्या मूत्रातला अमोनिया जुन्या रंगाऱ्यांच्या उपयोगी पडत असे हे मात्र पक्के. त्यामानाने ज्यांनी कांद्याच्या साली उकळून ऑलिव्ह रंग काढला ते लोक फारच सोवळे म्हणायचे. पण धाडसाची कमाल केली ती पिक्रिक अॅसिडवाल्यांनी. या पिवळ्या भुकटीच्या पाण्यात करडी पिसे बुडवली की झकास हिरवट ऑलिव्ह रंग येतो, म्हणून इंग्रज माशीबांधे ती बिनदिक्कत घरात ठेवत. हीच भुकटी ब्रिटिश लष्कर ‘लिडाइट’ या नावाने तोफगोळ्यांत भरत असे. म्हणजे साम्राज्याच्या एका टोकाला ती बोअर लोकांवर उडत होती आणि दुसऱ्या टोकाला एखादे निवृत्त कर्नल चहाच्या कपात ती चमच्याने ढवळत होते. अर्धा पौंड वजनाच्या ट्राउटला फसवण्यासाठी!

आता घरगुती कृतीकडे वळू. कागदावर ती फार सोपी आहे. केस, लोकर, पीस हे सगळे केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात, आणि केराटिनवर आम्लधर्मी रंग छान बसतात. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने चरबी धुऊन काढायची, पिसे रात्रभर पाण्यात भिजवायची, पाणी साधारण सत्तर अंशांपर्यंत तापवायचे, त्यात रंग घालायचा, पिसे सोडायची, हवी ती छटा आली की व्हिनेगर ओतून ती पक्की करायची आणि थंड पाण्याने धुवायचे. ज्यांना रंगाच्या दुकानापर्यंतही जायचे नसते ते सरबताची पूड वापरतात. एडविन पर्किन्स यांनी १९२७ साली नेब्रास्कातल्या हेस्टिंग्ज गावी ‘कूल-एड’ ही पूड काढली ती मुलांसाठी. पण तिच्या बिनसाखरेच्या पुडीत खायचा रंग आणि सायट्रिक आम्ल असे दोन्ही असल्यामुळे तिच्यात ससासुद्धा रंगतो. अमेरिकेत ए. के. बेस्ट यांनी तर केवळ या पदार्थांना रंग चढवणे आणि त्यांचा रंग उतरवणे या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले आहे. इतके सगळे छापलेले असताना चुकण्यासारखे काही उरत नाही असे वाटते. ते पहिल्या अर्ध्या तासापुरतेच.

कारण हरणाचे केस आतून पोकळ असतात आणि रंगात बुडायला तयार नसतात; ते वर तरंगतात, आणि त्यांना दाबायला ठेवलेला चमचा तेवढा नखशिखांत रंगतो. पाणी उकळले तर पिसे वेडीवाकडी होतात आणि कातड्यासकट रंगवलेली कोंबड्याची मान आक्रसून एखाद्या चिमणीला बसेल एवढी उरते. टर्कीचे मऊ पीस पाण्यातून निघते तेव्हा ते पीस होते हे शपथेवर सांगावे लागते, आणि वाळवण्याचे यंत्र लावले की तेच सगळ्या घरात असते. रंग फारच गडद झाला म्हणून कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकावे, तर आधी रंग जातो आणि थोड्या वेळाने पीसही जाते, कारण क्लोरीनचे ब्लीच केराटिनच विरघळवते. या गुणाचा सदुपयोगही आहे: मोरपिसाचे तंतू क्षणभर त्यात बुडवले की वरची लव गळते आणि खालची सुंदर पट्टेदार काडी उरते. पण ‘क्षणभर’ म्हणजे किती यावर दोन माशीबांध्यांचे एकमत नसते, आणि दोघांच्याही वाट्या रिकाम्या असतात. शिवाय हात. हातमोजे घालून रंगवावे असे सगळे सांगतात. सांगताना त्यांची बोटे ऑलिव्ह असतात.

घरातल्या इतर माणसांचा दृष्टिकोन हा या शास्त्राचा दुर्लक्षित भाग आहे. कॅट्सकिलच्या नद्या न्यू जर्सीपासून मोटारीने दोन-तीन तासांवर आणि न्यू जर्सीत मराठी घरे मुबलक, तेव्हा पुढचा संवाद शुद्ध मराठीत होणे मुळीच अशक्य नाही.

“अहो, हे काय उकळतंय?”

“उकळत नाहीये. उकळू द्यायचं नसतं.”

“पण आहे काय त्यात?”

“ससा.”

“काय?”

“अगं, सगळा नाही. फक्त चेहरा.”

सशाचा चेहरा, कानांसकट, हा माशी बांधणाऱ्यांच्या जगात अगदी प्रतिष्ठित माल आहे आणि दुकानात तो याच नावाने मिळतो, हे स्पष्टीकरण त्या क्षणी कामाला येत नाही. व्हिनेगरच्या वासाने पाहुण्यांना वाटते लोणचे घातले आहे. ते झाकण उचलतात. त्यानंतर काही काळ पाहुणे येत नाहीत, आणि हा या छंदाचा एक फायदा म्हणून मोजायला हरकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? रंगाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, बरोबर रंगासाठी. नदीवरच्या किड्याचा जो रंग, तोच माशीचा हवा. आमचे म्हणणे असे की हे खरे नाही, आणि खरे नाही हे त्यालाही मनातून ठाऊक असते. तो जे शोधत असतो त्याला बरोबर रंग म्हणता येणार नाही. ज्याची कोणालाच तपासणी करता येणार नाही असा बरोबरपणा तो शोधतो. पुरावा त्याच्याच पातेल्यात आहे. प्रत्येक जाणता रंगारी नवख्याला पहिला धडा देतो तो हा की ओल्या पिसाच्या रंगावर जाऊ नकोस. ओले असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, तेव्हा वाळवून, खिडकीपाशी नेऊन, दिवसाच्या उजेडात बघ. मग तो स्वतः पिसे वाळवतो, खिडकीपाशी नेतो, मान तिरकी करून बघतो, पसंत पडले नाही तर पुन्हा बुडवतो. शेवटी हवी ती छटा मिळते, तिची माशी होते, आणि ती माशी तो नदीत टाकतो. पाण्यात. जिथे ती ओली होते. पाण्याखाली वापरायच्या माश्या तर जन्मभर ओल्याच असायच्या. म्हणजे तीन वेळा वाळवून ठरवलेला रंग बघितला तो फक्त खिडकीने. माशाने बघितला तो पातेल्यातला पहिला रंग, जो रंगाऱ्याने ‘हा नव्हे’ म्हणून नाकारला होता.

बरे, ज्या किड्याची नक्कल करायची तो तरी एक रंग धरून बसतो का? मेफ्लाय पाण्यातून वर येते तेव्हा फिकट असते, हवा लागली की गडद होत जाते, मग एखाद्या दिवसात पुन्हा कात टाकून निराळ्याच चकचकीत रंगाची होते, आणि मरते. तिला प्रौढपणी खाण्यापुरते तोंडसुद्धा नसते. तक्रार करणार कशी? नराचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, या ओढ्यातला वेगळा, त्या ओढ्यातला वेगळा. तरी माणसाने हार मानली नाही. तरंगत्या माशीच्या पंथाचे आचार्य फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १९१०च्या ग्रंथात ३३ माश्या नक्की करून दिल्या, त्यांत नर आणि मादी यांच्या वेगवेगळ्या, आणि छटेबद्दल वाद नको म्हणून रंगांचे नमुनेही छापले. वाद अर्थातच वाढले. ट्राउट मादीची माशी बघून नराच्या माशीकडे पाठ फिरवतो, असे आजवर कोणी सिद्ध केल्याचे आमच्या वाचनात नाही. त्यानंतर १९२४ साली जे. डब्ल्यू. डन या विमाने बनवणाऱ्या इंजिनिअरांनी मांडले की मासा खालून वर बघतो, माशी त्याला उजेडासमोर दिसते, तेव्हा तिच्यातून प्रकाश आरपार जायला हवा. म्हणून त्यांनी गळाची दांडी पांढरी रंगवली, वर कृत्रिम रेशीम गुंडाळले आणि त्याला तेल लावले, म्हणजे ते ओले दिसते आणि आतून उजळते. युक्तिवाद बिनतोड होता. मासे डन यांच्या माशीला लागले. जे युक्तिवाद न वाचता आले होते त्यांच्या माश्यांनाही लागले.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मंडळींचा असतो: माशाला रंग दिसतोच, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. मान्य. ट्राउटला रंग दिसतात, पिल्लांना तर आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो. पण याचा अर्थ काय होतो? आपल्याला जे दोन ऑलिव्ह हुबेहूब सारखे वाटतात ते माशाला वेगळे दिसत असण्याची शक्यता आहे, आणि आपण ज्या दोन छटांवरून घरात बोलाचाली बंद केली त्या त्याला एकच वाटत असतील. परीक्षकाचे डोळेच वेगळे असले की विद्यार्थ्याने ताव रंगवून उपयोग काय? (मासा ताटात असेल तर त्याच्या रंगदृष्टीविषयी प्रस्तुत लेखकाला काही म्हणायचे नसते, तिथे लेखकाचे लक्ष फक्त आमसुलावर असते.)

दुसरा आक्षेप काटकसरीचा. दुकानातली रंगीत पिसे महाग, पांढरी स्वस्त, रंगाची पुडी तर नगण्य, म्हणून घरी रंगवणे परवडते. हा हिशेब खरा आहे, जोवर तो पुरता मांडत नाही तोवर. एका माशीला लागतात चिमूटभर केस. एका सशाच्या कातड्यात शेकडो माश्या होतात. हंगामात हरवतात मूठभर, त्यांतल्या निम्म्या झाडाच्या फांदीला. तेव्हा रंगाऱ्याकडे लवकरच इतका माल साठतो की तो त्याच्या नातवंडांनाही पुरेल, आणि नातवंडांआधी तो कसरीला पुरतो. त्यात वेगळे पातेले, तापमापक, हातमोजे, ओट्याची नवी फरशी आणि समजूत घालण्यासाठी बाहेर केलेले जेवण हे धरले, तर तो प्रत्येक पीस चांदीच्या भावाने विकत घेतो.

तिसरा आक्षेप जास्त जोरदार आहे: काही छटा दुकानात मिळतच नाहीत. उदाहरणार्थ ‘ब्लू डन’, म्हणजे ढगाळ संध्याकाळचा निळसर करडा. असे कोंबडे जन्माला येतात, पण ते आपला रंग पुढे चालवत नाहीत. निळसर कोंबड्याला निळसर कोंबडी पाहून दिली तरी पिल्लांत सरासरी निम्मीच निळसर. पाव काळी आणि पाव पांढुरकी निघतात. कॅट्सकिलमधल्या हॅरी डार्बी यांनी वर्षानुवर्षे हा रंग कोंबड्यांतून काढण्यासाठी खपून दाखवले. बाकीच्यांनी पातेले चढवले. इथे रंगाऱ्याची बाजू न्यायाची वाटते. पण नदीवरचे दोघांचे बोलणे ऐका.

“कशाला लागला?”

“ऑलिव्हला.”

“कुठल्या?”

“माझ्या.”

या ‘माझ्या’त सगळे आले. दुकानात मिळत नाही हे त्याचे दुःख नसून भांडवल आहे. उद्या दुकानदाराने नेमकी तीच छटा पुडीत घालून विकायला ठेवली तर याला ती एक कणभर हिरवट दिसू लागेल. आणि दुकानदाराकडून मिळण्याची तरी शाश्वती कुठे असते? २०११ साली अमेरिकेतल्या बायकांना कोंबड्याची लांब, पट्टेदार पिसे स्वतःच्या केसांत गुंफण्याची हौस आली. सलूनवाल्यांनी मासेमारीची दुकाने धुऊन नेली, भाव कडाडले, आणि ट्राउटसाठी पोसलेले कोंबडे ब्यूटी पार्लरमध्ये खपले. पिसावर प्रेम करणारे पुरुष त्या वेळी फार कडवट बोलले. त्यांच्यापैकी कित्येक जण स्वतःच्या मिशांना कलप लावत होते, हा मुद्दा कोणी काढला नाही. केराटिन ते केराटिन.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र आम्ही हात जोडतो: पीस रंगवले की खरा पक्षी वाचतो. सॅमन माशासाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळात ज्या भपकेबाज माश्या बांधत त्यांच्यावरचे जॉर्ज केल्सन यांचे १८९५चे पुस्तक म्हणजे पोथीच. तीत जगभरच्या पक्ष्यांची पिसे लागतात: दक्षिण अमेरिकेतले निळे, लाल, शेंदरी पक्षी, आणि आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडासुद्धा. महाबळेश्वर-कोयनेच्या रानांत पहाटे आरवणाऱ्या या कोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट ठिपके असतात; ते सॅमनच्या माशीचे डोळे म्हणून चिकटवत. यातली मौज अशी की समुद्रातून नदीत चढलेला अटलांटिक सॅमन खाणेच जवळजवळ सोडून देतो. ती माशी कुठल्याच किड्यासारखी दिसत नाही आणि माशाला भूकही नसते. तो गळ का धरतो यावर अजून एकमत नाही. तरी पोथीत लिहिलेलेच पीस हवे, रंगवलेले चालणार नाही, असे मानणारे आजही आहेत. २००९च्या जूनमध्ये लंडनला संगीत शिकणारा विशीतला एक अमेरिकन बासरीवादक रात्री ट्रिंग इथल्या निसर्गेतिहास संग्रहालयाची काच फोडून आत शिरला आणि पक्ष्यांची २९९ कातडी बॅगेत भरून घेऊन गेला. त्यांतली काही आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी मलायाच्या बेटांवरून आणलेली. पिसे माशी बांधणाऱ्यांत विकली गेली. तो बासरीवाला स्वतः या माश्या बांधण्यात निष्णात होता, पण मासेमारीशी त्याचे फारसे देणेघेणे नव्हते. म्हणजे या सगळ्या प्रकरणात मासा कुठेच नव्हता.

इथे आमच्याच म्हणण्याचा पुरावा आमच्यावर उलटतो. जर बरोबर रंग ही माणसाची हौस आहे आणि माशाला तिचे सोयरसुतक नाही, तर ती हौस टर्कीच्या पिसावर निळा रंग चढवून भागवणे हेच शहाणपणाचे. ब्रिटनने पिसांच्या आयातीवर १९२१ साली कायद्याने बंदी घातली, आपल्या रानकोंबड्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले, आणि खरे पीस कायद्याने मिळेनासे झाले तसे रंगवलेले पीस कामाला आले. बाजारातल्या पांढऱ्या कोंबडीने या बाबतीत जेवढे पक्षी वाचवले तेवढे भाषणांनी वाचवले नसतील. तिला कोणी विचारले नव्हते, हेही खरे.

तेव्हा निकाल रंगाऱ्याच्या बाजूने. ज्यांना रंगवायचे आहे त्यांनी खुशाल रंगवावे. पातेले मात्र स्वतःचे आणावे, त्यावर ठळक अक्षरांत नाव घालावे, आणि त्यात पुन्हा आमटी करू नये, कितीही घासले तरी. आणि एक कळकळीची विनंती. परदेशात राहणाऱ्या कोणा वाचकाला जुने घर घेतल्यावर माळ्यावर एखाद्या माशीबांध्याची पेटी सापडली, आणि तिच्यात पिवळी भुकटी वाळून बसलेली बाटली असली, तर रंग अजून चांगला आहे का हे बघायला तिचे झाकण फिरवू नका. वाळलेले पिक्रिक अॅसिड नुसत्या घर्षणानेही उडते. बाटली आहे तिथे ठेवा, घराबाहेर या आणि अग्निशामक दलाला फोन करा.